ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी मर्चंट अकाउंट: काही महिने वापरल्यानंतर

कार्डाने फी घेण्यासाठी आम्ही स्वतःचं मर्चंट अकाउंट घेतलं, त्याला आता बरेच महिने झाले. अभ्यासक्रम ऑनलाइन, वर्षाची फी आगाऊ. पैसे वेळेवर जमा होतात, अहवाल नीट असतात, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते पात्रतेबद्दल. अर्ज करणारे उलाढालीचे आकडे पुढे करतात आणि अर्ज तपासणारा बँकेचा माणूस भलतंच पाहत असतो.

तो पाहतो, पैसे घेतल्यापासून माल किंवा सेवा पोचेपर्यंत किती काळ जातो. ग्राहकाने चार्जबॅक मागितला, म्हणजे आपल्या कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागितले, आणि तोवर तुमचा व्यवसाय बंद पडलेला असला, तर ती रक्कम खातं देणाऱ्या बँकेच्या गळ्यात पडते. म्हणजे खातं उघडून देणं हे तिच्या दृष्टीने कर्ज देण्यासारखंच. तक्रारीसाठी कार्डधारकाला साधारण 120 दिवस मिळतात. सेवा पुढे कधी तरी मिळायची असेल, तर दिवस त्या तारखेपासून मोजतात आणि व्हिसाच्या नियमांत ही मुदत व्यवहारापासून 540 दिवसांपर्यंत जाऊ शकते. सहलींचं बुकिंग, कार्यक्रमांची तिकिटं, वार्षिक वर्गणी यांच्याकडे म्हणूनच बारकाईने पाहतात, मग धंदा कितीही सचोटीचा असो.

आम्हाला मंजुरी मिळाली ती रोलिंग रिझर्व्हच्या अटीवर. यात प्रत्येक सेटलमेंटमधला, म्हणजे आपल्या खात्यात जमा व्हायच्या रकमेतला, काही हिस्सा, बहुतेक ठिकाणी 5 ते 10 टक्के, सहा महिने अडकवून ठेवतात. पैसे बुडत नाहीत, पण सुरुवातीला शिक्षकांचं मानधन देताना फार ओढाताण झाली. पुढे फीचे मासिक हप्ते सुरू केले आणि त्यानंतरच्या आढाव्यात रिझर्व्ह कमी झाला. उलाढाल होती तेवढीच!

अर्जात सर्वांत उपयोगी पडली ती आधीच्या पेमेंट सेवेची मासिक विवरणपत्रं, कारण त्यांत रिफंड आणि चार्जबॅकचं प्रमाण दिसतं. संस्थेची आणि मालकांची ओळखपत्रं लागतातच. वेबसाइटवर रिफंडचे नियम, संपर्क आणि किमती स्पष्ट हव्यात. ते प्रत्यक्ष उघडून पाहतात. व्यवसायाचा चार अंकी एमसीसी कोड कोणता लावलाय हे आवर्जून विचारा. चुकीच्या कोडमुळे साधा व्यवसायही जोखमीच्या गटात जाऊ शकतो.

एखाद्या बँकेने नियमभंगामुळे किंवा जास्त चार्जबॅकमुळे खातं बंद केलं असेल, तर मास्टरकार्डच्या मॅच यादीत (अशा बंद केलेल्या खात्यांची, बँका अर्ज तपासताना पाहतात ती यादी) नाव लागू शकतं आणि ते पाच वर्षं राहतं. यादीत प्रमुख मालकांचीही नावं असतात, त्यामुळे नवी कंपनी काढून सुटका होत नाही. भागीदार घेण्याआधी हे त्याला स्पष्ट विचारावं, असं मी कळकळीने सांगेन.

आणखी एक. कार्डाच्या स्टेटमेंटवर आमच्या नोंदणीकृत कंपनीचं नाव यायचं. ते विद्यार्थ्यांना अनोळखी, म्हणून 'हा व्यवहार माझा नाही' अशा तक्रारी यायच्या. तिथे अभ्यासक्रमाचं नाव लावून घेतलं आणि त्या जवळजवळ थांबल्या.

अगदी नवा, छोटा व्यवसाय असेल तर आधी अ‍ॅग्रिगेटर (अनेक व्यवसायांचे पैसे आपल्याच मर्चंट अकाउंटमधून घेणारी पेमेंट सेवा) बरा. खातं लवकर सुरू होतं. मात्र खोल तपासणी पुढे होते आणि विक्री अचानक वाढली की पैसे रोखले जाऊ शकतात. स्वतंत्र खात्यातही मंजूर मर्यादा ओलांडली की विचारणा होतेच. म्हणून नव्या तुकडीचे प्रवेश उघडण्याआधी अपेक्षित रक्कम आणि वर्ग सुरू होण्याची तारीख आम्ही बँकेला लेखी कळवतो. तेव्हापासून प्रवेशाच्या दिवसांत सेटलमेंट अडकलेलं नाही.