टोंगलूला एका दिवसात जायचं तर मानेभंजनहून की धोत्रेहून?

भारत-नेपाळ सीमेवरच्या सिंगालीला धारेवरची सांदकफू–फालुट वाट पूर्ण चालायची तर पाच-सहा दिवस हाताशी हवेत. दार्जिलिंगच्या सहलीत तेवढे दिवस सहसा नसतात, पण एक दिवस काढता येतो. त्या एका दिवसात वाटेच्या सुरुवातीचा टोंगलूचा माथा (सुमारे 3,070 मीटर) गाठून संध्याकाळी परतता येतं. वर जायला दोन वाटा आहेत. मानेभंजनची वाट भारत-नेपाळ सीमेवरून चढते, तर धोत्रेची दाट जंगलातून. दोन्ही टोंगलूला येऊन मिळतात आणि पुढे एकच वाट सांदकफूकडे जाते.

थोडक्यात सांगायचं तर जंगल धोत्रेच्या बाजूला आहे आणि सीमा मानेभंजनच्या बाजूला. चढून आल्या वाटेनेच उतरलात तर दोनांपैकी एकच पदरात पडतं. म्हणून गाडीची सोय होत असेल तर धोत्रेहून चढून मानेभंजनला उतरावं, असं आमचं मत. मात्र हा पर्याय सगळ्यांना झेपत नाही. तो कुणाला का झेपत नाही, हे पुढे येईलच.

चढ आणि अंतर

मानेभंजन 2,100 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ट्रेक सुरू होण्याआधीच आपण कळसूबाईच्या (1,646 मीटर) बरेच वर असतो. इथून चित्रे 3 किलोमीटर, चित्रेहून लामेधुरामार्गे मेघमा 6 आणि मेघमाहून टोंगलू 2, असं एकूण 11 किलोमीटर अंतर. उंची साधारण 950 मीटरनी वाढते, पण ती सारखी वाटलेली नाही. पहिल्या 3 किलोमीटरमध्येच 400 मीटरच्या वर चढ आहे. गाडीचा रस्ता नागमोडी वळणं घेत जातो, पायवाट ती वळणं तोडत सरळ वर निघते. बहुतेकांचा दम इथेच जातो. सकाळी अंग गरम झालेलं नसतं, गाडीतून उतरल्या उतरल्या चढाला भिडलेलं असतं आणि सगळ्यांच्या पुढे राहायची हौस असते. हा टप्पा दीड तासात करायचा असंच धरून चाला. चित्रेच्या गोंपापाशी (बौद्ध मठापाशी) धार उघडी होते आणि पुढचा चढ सौम्य आहे. मेघमानंतर टोंगलूचा शेवटचा तुकडा पुन्हा खडा. धडधाकट माणसाला एकूण साडेचार ते साडेपाच तास लागतात.

धोत्रे सुमारे 2,500 मीटरवर आहे. तिथून टोंगलू 5 ते 6 किलोमीटर, चढ 550 ते 600 मीटर, वेळ अडीच ते साडेतीन तास. अंतर मानेभंजनच्या जेमतेम निम्मं, पण चढाला मध्ये फारसा सपाट विसावा नाही. एकसारख्या लयीत चालणाऱ्याला ही वाट सोपी जाते. थांबत-पळत चालणाऱ्याला जड जाते.

पायाखाली काय आहे

मानेभंजनच्या वाटेवरचा बराचसा भाग आता काँक्रीटचा रस्ता आहे. या रस्त्यावर जुन्या लँड रोव्हर गाड्या अनेक दशकं चालल्या. आता त्यांच्या जोडीला बोलेरो आल्या आहेत. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीत सकाळी आठ ते दहा या वेळात दर थोड्या वेळाने गाडी मागून येते आणि धूर सोडून पुढे जाते. शांतता शोधत आलेल्याचा इथे विरस होतो. उतरताना त्रास वेगळा. कडक रस्त्यावर 950 मीटर उतरलं की मांडीचे स्नायू आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात. ट्रेकिंग पोल घ्यायचे असतील तर ते या उतारासाठी घ्या. काँक्रीटवर त्यांच्या टोकांना रबरी टोपी हवी, नाहीतर धातूचं टोक घसरतं. शॉर्टकटच्या पायवाटा मऊ मातीच्या आहेत. त्या चढताना छान, पण पाऊस पडून गेला असेल तर उतरताना रस्ताच धरावा.

धोत्रेच्या वाटेवर गाडी येतच नाही. पानांचा थर, मुळं, ओली माती, अधूनमधून दगड. ओक, मॅग्नोलिया, गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि खाली मालिंगो नावाच्या बारीक बांबूची दाटी. पक्षी पाहणारे हीच वाट धरतात. सकाळी लवकर आणि आवाज न करता चढलात तर रूफस सिबियासारखे पक्षी हमखास ऐकू येतात. सॅटायर ट्रॅगोपॅन या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचं दर्शन मात्र नशिबाचा भाग. लाल पांडाच्या आशेने एका दिवसासाठी येऊ नका. तो या डोंगरात आहे, पण सांदकफूच्या वाटेवर पुढे असलेल्या गैरीबास-कैयाकाट्टाच्या पट्ट्यात चार-चार दिवस फिरूनही तो न दिसलेले लोक आहेत.

दोष या वाटेतही आहेत. मे अखेरपासून जळवा सुरू होतात. पँट मोज्यात खोचा आणि मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. जंगल दाट असल्याने डोंगर दिसत नाहीत. टोंगलूचा माथा येईपर्यंत कांचनजंगा झाडांच्या फटींतून दिसली तर दिसली. आणि वाटेत चहाचं एकही दुकान नाही.

सीमा

मानेभंजनची वाट वेगळी ठरते ती सीमेमुळे. भारत आणि नेपाळ यांच्यातली ही सीमा उघडी आहे, कुंपण नाही. धारेचा माथा हीच सीमा आणि रस्ता तिच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. मेघमात रस्त्याच्या एका अंगाला भारत आणि दुसऱ्या अंगाला नेपाळचा इलाम जिल्हा. चहा कोणत्या देशात प्यायलो हे सीमास्तंभ पाहून ठरवावं लागतं. टोंगलूच्या पुढचं तुमलिंग तर नेपाळमध्येच आहे. भारतीय रुपये दोन्हीकडे चालतात, फक्त सुटे पैसे ठेवा. दुकानदार बाईंना ‘दिदी’ आणि पुरुषांना ‘दाजु’ म्हटलं की बोलणं सोपं होतं.

सीमेवर सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या आहेत. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, मूळ प्रत, वरच्या कप्प्यात ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर भागेलच असं नाही. चौकीचे आणि जवानांचे फोटो काढू नका. ड्रोन हॉटेलवरच राहू द्या.

गाईडबद्दल बराच गोंधळ असतो. सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात (दर्जा 1992 चा, क्षेत्र सुमारे 78 चौरस किलोमीटर) गाईडशिवाय जाता येत नाही. उद्यानाचं नाकं तुमलिंगच्या पुढे आहे, त्यामुळे टोंगलूपर्यंतच्या फेरीत ते ओलांडावं लागत नाही. तरीही गाईड घ्याच. मानेभंजनच्या नोंदणीच्या ठिकाणी तो मिळतो. रस्त्यावर चुकण्याची भीती कमी, पण धोत्रेच्या जंगलात लाकूडफाट्याच्या आणि गुरांच्या वाटा मुख्य वाटेला फुटतात आणि धुक्यात त्या सारख्याच दिसतात. धोत्रेहून चढायचं असेल तर गाईड आदल्या दिवशीच ठरवा, कारण ऐन वेळी तिथे कुणी मोकळं असेलच असं नाही.

पाणी, ढग, उजेड

धार कोरडी आहे. धोत्रेहून निघताना माणशी दोन लिटर पाणी भरून घ्या. मानेभंजनहून दीड लिटर पुरतं, कारण चित्रे, लामेधुरा आणि मेघमा इथे चहा, वायवाय (झटपट नूडल्स), थुक्पा (नूडल्सचं सूप) असं काहीतरी मिळतं. जेवण लगेच समोर येईल असं समजू नका. ऑर्डर दिल्यावर चूल पेटते, अर्धा-पाऊण तास जातो. एका दिवसाच्या गणितात हा वेळ मोठा आहे.

सकाळचं आकाश आणि दुपारचं आकाश यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ऊन तापलं की दरीतली ओल वर चढते आणि दहा-अकरानंतर धारेवर ढग बसतो. वसंतात हे जवळजवळ रोजचं. कांचनजंगा (8,586 मीटर) नीट पाहायची असेल तर दहाच्या आत माथ्यावर हवं. ते मानेभंजनहून फार अवघड आहे, पण धोत्रेहून सहाला निघालात तर जमतं. एव्हरेस्टची अपेक्षा टोंगलूकडून ठेवू नका, त्यासाठी सांदकफू (3,636 मीटर) गाठावं लागतं.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो सूर्यास्ताचा. हा भाग बराच पूर्वेला आहे. नोव्हेंबर अखेरीस सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, पुण्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी. ‘सहापर्यंत उजेड आहे’ या भरवशावर दोनला टोंगलू सोडलं की चित्रेच्या खालचा उतार अंधारात येतो. हिवाळ्यात माथ्यावरून बारापर्यंत निघा, वसंतात एकपर्यंत. हेडलॅम्प कोणत्याही ऋतूत जवळ असू द्या.

फुलांसाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा, डोंगरांसाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. डिसेंबर ते फेब्रुवारीत माथ्यावर बर्फ पडू शकतो आणि धोत्रेच्या सावलीतल्या वाटेवर ते लवकर वितळत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असतं. त्या काळात टोंगलूचाही बेत नको.

उंचीबद्दल एकच नियम पाळा. न्यू जलपायगुडीला रेल्वेतून उतरून, रात्रीचा प्रवास करून, सकाळी थेट चढायला लागू नका. मैदानातून एका दमात 3,000 मीटरवर गेलं की डोकं दुखणं, मळमळ हे धडधाकट माणसालाही होतं. दार्जिलिंगला किंवा मानेभंजनला एक रात्र झोपलात तरी फरक पडतो.

मग कोणता पर्याय कुणासाठी?

दहा-बारा वर्षांची मुलं किंवा सावकाश चालणारी ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, पक्षी पाहायचे असतील किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर धोत्रे–टोंगलू–धोत्रे. 10-12 किलोमीटर, मऊ जमीन, आणि दुपारी दोनच्या आत खाली. वेळ उरला तर माथ्यावरून तुमलिंगला उतरून जेवता येतं. जाऊन-येऊन 4 किलोमीटर आणि जेवणासह दोन तास धरा.

स्वतंत्र गाडी परवडत नसेल तर मानेभंजन. दार्जिलिंगहून घूम, सुखियापोखरीमार्गे शेअर जीपने दीड तासात पोचता येतं. पण माथा गाठून परत यायचं तर 22 किलोमीटर होतात आणि त्यातले बरेच काँक्रीटवरचे. हे एका दिवसात करू नका. मेघमापर्यंत जाऊन 18 किलोमीटरमध्ये परत या. चित्रे ते मेघमा हा सीमेवरचा सर्वांत चांगला तुकडा त्यात येतोच. परतीची शेअर जीप दुपारनंतर मिळेलच असं नाही. उशीर झाला तर रात्र मानेभंजनमध्ये काढायची तयारी ठेवा.

रोज चालण्याची सवय आहे, गुडघे शाबूत आहेत आणि गाडी वाटून घ्यायला तीन-चार जण आहेत, त्यांनी धोत्रेहून चढून मानेभंजनला उतरावं. एकूण 16-17 किलोमीटर, विश्रांतीसह आठ तास. उलट दिशेने जाऊ नका. मानेभंजनचा चढ भल्या सकाळी वेळ खातो, माथ्यावर पोचेपर्यंत ढग आलेला असतो आणि धोत्रेचं जंगल अंधारत असताना उतरावं लागतं. शिवाय धोत्रेला ठरवलेली गाडी आली नाही तर दुसरी मिळणं कठीण. मानेभंजनला निदान बाजार आहे. टोंगलूहून उतरताना धुकं गच्च असेल तर मेघमापर्यंत गाईडच्या मागेच राहा. मेघमात तुमलिंगकडून येणारी वाट मिळते आणि तिथेच लोक चुकून पुन्हा वर चढायला लागतात.

गाडीवाल्याला वेळ सांगताना भारतीय वेळ असं स्पष्ट सांगा. धारेवर फोन नेपाळचा टॉवर पकडतो आणि घड्याळ आपोआप 15 मिनिटं पुढे जातं. मानेभंजन सोडण्यापूर्वी फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय आणि डेटा रोमिंग, दोन्ही बंद करून टाका.