हात कामात असलेल्या आईसाठी ऑडिओ पवित्र शास्त्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्यात धाकटा रांगायला लागला आणि माझं बसून पवित्र शास्त्र (बायबल) वाचणं बंदच पडलं. तेव्हापासून फोनवर मराठी ऑडिओ पवित्र शास्त्र ऐकते आणि सोबत एक दोनशे पानी वही ठेवते. आता नाताळ तोंडावर आलाय. इतके महिने रोज वापरल्यावर लिहिते आहे, मुख्यतः घरात लहान मुलं असलेल्या बहिणींसाठी.

आधी वापराचं सांगते. सगळे अध्याय एकदा डाउनलोड करून ठेवा, मग नेट लागत नाही आणि स्क्रीन बंद असली तरी वाचन चालू राहतं. बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना, भाजी निवडताना, रात्री दूध पाजताना ऐकता येतं. मिक्सर आणि कुकरच्या वेळी मात्र नाद सोडा, निम्मं कानावर पडत नाही. फोन आला की चालू अध्याय पुन्हा पहिल्या वचनापासून सुरू होतो, हे अजूनही खटकतं. आधी घेतलेल्या एका अ‍ॅपमध्ये तर तेविसाव्या स्तोत्राच्या मधेच कर्जाची जाहिरात लागायची. ते मी लगेच काढून टाकलं. जाहिराती नसलेलंच घ्या.

पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात. अंगावरचं मूल असताना हा हिशेब मनाला लावून घेऊ नका. त्यातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकापासून सुरुवात करा. त्याचे अध्याय बरोबर ३१ आहेत, म्हणून जी तारीख तो अध्याय. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी त्या तारखेचा लावायचा.

एकतिसावा अध्याय, सद्गुणी स्त्रीचा, आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानपणापासून ऐकतो. पहाटे उठणारी, घरच्यांना जेवू घालणारी बाई तेवढी लक्षात राहते. कानाने सलग ऐकताना मला पहिल्यांदा तिचं शेत ऐकू आलं. ती शेत पाहते, विचार करून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते. आणि ही वचनं लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली आहेत. म्हणजे एक आई मुलाला सांगते आहे की बाईची किंमत कशात बघायची. हा अध्याय बायकांना घरात बसवण्यासाठी सांगितला जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

वहीचा उपयोग इथे झाला. डाव्या पानावर मी मागणं लिहिते, उजवं पान उत्तरासाठी मोकळं ठेवते. सुरुवातीची पानं बघितली तर बाळाचा ताप, थोरलीची फी, ह्यांची नाइट शिफ्ट एवढंच आहे. ही मागणी लहान नाहीत, प्रभू तीही ऐकतो. पण माझ्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल कुठे एक ओळ नव्हती. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली नर्स आहे, दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली. पावसाळ्यात एका रात्री लिहिलं: पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं आहे. डिप्लोमानंतरचा दोन वर्षांचा नर्सिंगचा पदवी कोर्स. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचा गट उभा करायचा आहे.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंबद्दल पुन्हा वाचलं. आम्ही नगरची माणसं पुण्याला रेल्वेने जातो तेव्हा केडगाव लागतं. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं, जिथे त्यांचं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन आहे. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. पुढच्याच वर्षी त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते अखंड छापून आलं. लेकरू पदरात असताना एवढं मोठं मागता येतं, याचा पुरावा आमच्या रेल्वेमार्गावरच आहे!

‘देव तुमचं प्रत्येक स्वप्न पूर्ण करील’ अशा व्हिडिओंशी मात्र मी सहमत नाही. पवित्र शास्त्रातल्या मूल नसलेल्या हन्नाने रडून मुलगा मागितला आणि मिळाल्यावर तो परमेश्वराच्या सेवेला दिला. त्या मुलासाठी, शमुवेलासाठी, ती दरवर्षी लहानसा झगा करून न्यायची, हा भाग लागला तेव्हा थोरली भाकरीच्या पिठाशी खेळत होती. तिने विचारलं, “मम्मी, तो वाढला असेल ना? मग माप कसं घ्यायची?” मी तवा उतरवून तिथेच थांबले. वर्षभर न दिसलेल्या मुलाचं माप ती अंदाजानेच धरत असणार, आणि तो वाढलाय हे धरूनच कापड बेतत असणार. तेव्हापासून वहीत काहीही लिहिताना मी आजच्या मापाने लिहीत नाही.

सासूबाईंनी आधी विचारलं, “पोरांचं कोण बघणार?” प्रश्न रास्त होता. ह्यांच्यासोबत बसून वेळांचा कागद केला, दुपार त्यांच्याकडे, संध्याकाळ ह्यांच्याकडे. आता दुपारी बाळाला झोपवताना त्याच स्तोत्रं लावतात. अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांचं शास्त्रवाचन कधीच सुटलं होतं, तेही पुन्हा सुरू झालं.

नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचे कागद मी काढून ठेवलेत, प्रवेश परीक्षेचा अभ्यास रात्री चालतो. शिकून झाल्यावरच्या गटासाठी मंडळीतल्या दोघी नर्स तयार आहेत. उजवं पान अजून कोरं आहे. प्रार्थनेत माझी आठवण ठेवा, आणि तुमच्या वहीतलं एखादं मागणं मला कळवा, मीही धरून ठेवीन.