कॉर्न स्नेक, आठ महिन्यांनंतर: साप गरीब, टँकने रडवलं

आठ महिने झाले मक्याला आणून. मक्या म्हणजे आमचा कॉर्न स्नेक, नाव मुलीने ठेवलंय. आम्ही शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो, इकडे हा साप पाळायला सहज मिळतो, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, आपल्या धामणीच्याच कुळातला. भारतातल्या लोकांनी हे वाचून धामण धरून आणू नका, 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

पहिली चूक, मी घाईत दुकानातून स्टार्टर किट घेतलं. टँक, वर जाळीचं झाकण, खाली चिकटवायची हीट मॅट, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णता ठरावीक ठेवणारं यंत्र, नाहीच! टेंपरेचर गन मारली तर काच 110 फॅरेनहाइटच्या वर. याला उबदार बाजूला 85-88 पुरतं, दुसरीकडे 75 च्या आसपास, आणि पोट भाजतंय म्हणून साप उठून जाईलच असं नाही, तिथेच बसून राहतो. थर्मोस्टॅट वेगळा घेतला, किटचे निम्मे पैसे पाण्यात.

साप मात्र टिन्ली पार्कच्या रेप्टाइल शोमध्ये ब्रीडरकडून घेतला, 60 डॉलर. फूटभर लांब, पेन्सिलीएवढा, अमेलानिस्टिक, म्हणजे अंगावर काळा रंगच नाही, सगळा केशरी-लाल. कुठल्या तारखेला काय खाल्लं ते त्या माणसाने लिहून ठेवलेलं. ही नोंद नसेल तर रंग कितीही भारी असू दे, घेऊ नका.

खाणं सहा दिवसांनी एक पिंकी, म्हणजे लव पण न फुटलेलं उंदराचं पिल्लू, फ्रोजन मिळतं. बायको माळकरी घरातली, त्यामुळे गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर आला, हा खर्च धरून चाला. पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचं, मग चिमट्याने समोर धरायचं. मक्या जीभ लपलपवतो, मान मागे घेतो आणि फटकन, झडप दिसतच नाही, वेटोळं मारून झालेलं असतं. खाल्ल्यावर 48 तास हात लावायचा नाही हे माहीत होतं हो, पण पाहुणे आले, मुलीला मिरवायचं होतं, मी पण नाही म्हटलं नाही. रात्री अर्धवट पचलेली पिंकी बाहेर आणि घरभर वास. मग दहा दिवस उपास, नंतर एकदम छोटी पिंकी, ती पोटात राहीपर्यंत आमच्याच घशाखाली घास उतरेना.

झाकणाला क्लिपा लावा. आम्ही लावल्या नव्हत्या, आई साताऱ्याहून आलेली आणि मक्या गायब. दोन रात्री टॉर्च घेऊन शोधला, सापडला आईलाच, फ्रीजमागे मोटरच्या उबेला. ओरडली नाही, हात जोडून उभी, म्हणाली, "अरे, पेटीला आधी कडी लाव." साप दूध पीत नाही यावर मात्र फोनवर अजून वाद चालू आहे.

बाकी त्रास काही नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला या जंतूची भीती असते. कात टाकायच्या आधी डोळे दुधी निळे होतात तेव्हा हात लावायचा नाही, ओलं मॉस भरलेला डबा आत ठेवायचा. मागच्या आठवड्यात अख्खी कात निघाली, उलट्या काढलेल्या मोज्यासारखी, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. मुलीने वहीत चिकटवली.

ती 11 वर्षांची, हा 15-20 वर्षं जगतो. ब्रीडरने विचारलं होतं, ही कॉलेजला गेल्यावर बघणार कोण? तेव्हा आम्ही हसलो होतो, आत्ताच चिमटा माझ्या हातात आलाय.