टाटा इस्टेटच्या 'रिस्टोरेशन'मध्ये गेलेले ३,१६,२०० रुपये

रक्कम आधी सांगतो: ३,१६,२०० रुपये. गाडी १९९६ ची टाटा इस्टेट, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत गेलेली स्टेशन वॅगन. पासिंग एमएच १०, म्हणजे सांगली. काम दिलं जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या, सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका 'रिस्टोरेशन'वाल्याला. नाव लिहीत नाही, वकिलांनी तशी ताकीद दिली आहे.

आधी आगाऊ रक्कम, मग 'माल आलाय' म्हणून दुसरा हप्ता, मग 'पुढच्या गाडीला जागा करायची आहे' म्हणत डिलिव्हरीची घाई. हा साचा सगळ्यांना पाठ आहे, तो पुन्हा दळत बसत नाही. स्टेशन वॅगनमध्ये ही लूट नेमकी कुठे लपवतात तेवढं लिहितो, कारण ते पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरवाल्यांच्या अनुभवावरून कळत नाही.

बिल असं होतं. पत्राकाम ७८,५००. पेंटिंग ९२,०००. इंजिन ६४,८००. रबर आणि मागच्या दाराचे पार्ट २३,४००. वायरिंग १४,५००. सीट व छत ३१,०००. आणि वर 'शो फिनिश कोटिंग' म्हणून १२,०००. यातले १,२०,००० बँकेतून गेले, १,००,००० यूपीआयने, आणि उरलेले ९६,२०० रोख. रोखीची पावती नाही. जीएसटी बिल मागितलं तर 'अठरा टक्के उगाच कशाला घालवताय साहेब' हे उत्तर. बिल म्हणजे डायरीचं फाडलेलं पान. कुणी अठरा टक्के वाचवून देत असेल तर तो स्वतःच्या विरुद्धचा पुरावा वाचवतोय हे लक्षात घ्या.

आता पत्रा. सांगलीतल्या जुन्या गाड्यांचा एक खास आजार आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांतल्या कितीतरी गाड्या तेव्हा पाण्यात होत्या. पाणी ओसरलं, सीट धुतल्या, गाड्या सुरूही झाल्या. पण सिलच्या, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पट्टीच्या, आत नदीचा बारीक गाळ बसला तो बसलाच. हा गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो.

पद्मिनीत सिल सडलं की दारं लोंबतात, लॉक जुळत नाही, कारण तिथे सगळा भार बॉडीवरच असतो. इस्टेटची बॉडी टाटाच्याच टेल्कोलाइन पिकअपच्या लॅडर चासीवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बसलेली. सिल कागदासारखं झालं तरी दार टक्कन लागतं. म्हणून 'दारं छान लागतात, म्हणजे बॉडी चांगली' हा सर्वसाधारण नियम इथे उपयोगाचा नाही. 'एवढं कसं दिसलं नाही?' असं विचारणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

दिसायला हवं होतं ते वेगळंच. कंपनीच्या सिलला खालच्या कडेला पाणी निचऱ्याची भोकं असतात. नवा पत्रा घालणारा प्रामाणिक टिंकर (पत्राकाम करणारा) ती पुन्हा पाडतो, नाहीतर आत शिरलेलं पाणी आतच राहतं. डिलिव्हरीला सिलखालून बोट फिरवलं तेव्हा एकही भोक लागलं नाही. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सगळं गुळगुळीत. त्याच क्षणी पैसे हातात धरून ठेवायला हवे होते. ९६,२०० रुपये तेव्हा खिशातच होते! हे आठवलं की अजून डोकं फिरतं. पण वळीव पडून गेलेला, खाली चिखल, सिलवर जाड काळा अंडरकोट (गाडीच्या तळाला मारायचा लेप) मारलेला, आणि 'अंडरकोटमुळे भोकं झाकली असतील साहेब, सुकल्यावर मोकळी करून देतो' हे उत्तर तयार. अंडरकोटने भोकं बुजतात हेही खोटं नाही. या लोकांची गंमत अशी की त्यांची निम्मी वाक्यं खरी असतात.

पहिल्याच पावसाळ्यात सिलवर फोड आले. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मूठभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, खाली आली. मोजली, ९ मिलिमीटर जाड. मागे डासांची जाळी, त्यामागे कोंबलेला फोम, आणि फोममागे २०१९ चा तोच गाळ. ७८,५०० रुपयांत पत्रा एक फूटसुद्धा नवा नव्हता.

नीट काम कसं असतं? सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा. २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, त्याच आकारात वाकवून सीओटू वेल्डिंगने लावायचा. तोही थांबून थांबून, टाके मारत. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा घेतो आणि त्या लाटा झाकायला पुन्हा लांबीच लागते. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती लांबी, फार तर २-३ मिलिमीटर. पोकळीत शेवटी गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स. गंजावर थेट भरलेली लांबी ओल शोषते आणि आतला गंज तिला बाहेर ढकलतो. म्हणून दुसरा हप्ता देण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो घ्या, तेही गाडीचा नंबर एकाच चौकटीत दिसेल असे. मला आलेल्या फोटोंत सिल होतं, गाडी नव्हती.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन भरतो, दुसऱ्यांदा रंगवलेला दोनशे-तीनशे. हजाराच्या पुढे आकडा गेला की तुम्ही लांबी मोजताय. यंत्र नसेल तर फ्रिजवरचा चुंबक फडक्यात गुंडाळून सिल, मागच्या मडगार्डची कड, स्टेपनीची खोलगट जागा आणि मागच्या दाराची खालची ओठासारखी घडी इथे फिरवा. जाड लांबी असेल तिथे तो धरत नाही. वॅगन इथेच सडते. बॉनेटवर चुंबक लावून खूश होऊ नका.

रंगाचं सांगतो. ९२,००० रुपये पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे घेतले. मारला साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज). ओळखायला दोन मिनिटं लागतात: पांढऱ्या फडक्यावर थिनर घ्या आणि दाराच्या आतल्या कडेला घासा. पक्का सुकलेला पीयू रंग सोडत नाही, एनसी विरघळून फडक्याला लागतो. माझं फडकं लालभडक झालं. १२,००० चं कोटिंग याच रंगावर होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

मागचं दार. इस्टेटच्या इंजिनाचे पार्ट कमी पडत नाहीत, पण मागची काच, लाइट आणि त्या दाराचं रबर दुर्मीळ. २३,४०० रुपये 'कंपनीचं शिल्लक रबर' म्हणून लावले आणि बसवलं रोलवरचं बाजारू रबर, पोकळ नळीचा आकारच वेगळा. दार लागतं, फट दिसत नाही, पण चालू गाडीत डिझेलचा धूर आत येतो. चौकोनी पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो आणि मिळेल त्या फटीतून आत ओढला जातो. सेडानला हा त्रास क्वचितच. लहान मुलं मागे बसवणाऱ्यांनी हे चेष्टेवारी नेऊ नये. दारात नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. चारही बाजूंनी अडकली पाहिजे. सहज निघाली तिथे धूर येणार.

सगळ्यात मोठा दरोडा मात्र इंजिनात आहे.

इस्टेटमध्ये ४८३ डीएल इंजिन, १९४८ सीसी, ८३ मिलिमीटर बोअर आणि ९० स्ट्रोक. टाटाच्याच जुन्या सिएराला हेच आणि १९९४ ला आलेल्या सुमोलाही हेच. बिलावर लायनर, पिस्टन, रिंग, बेअरिंग. आवाज गोड होता, कारण घट्ट ऑइल आणि वर कसलंतरी ॲडिटिव्ह ओतलेलं. ऑइल बदलल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, भकाभका धूर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं तर एका सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा चौथाईने कमी. चारही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत सारखे यायला हवेत. बिलातले पिस्टन गेले कुठे हे विचारण्याआधी शंभर फुटी रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींनी ब्लॉक घासून नंबर वाचला आणि म्हणाले, "हे तुमचं इंजिन न्हाईच की." आरसीवरच्या नंबराशी मेळ नाही. दोन्ही नंबरांची सुरुवात ४८३ डीएल, म्हणून वरवर पाहणारा फसतो. माझं चांगलं चालणारं इंजिन काढून भंगारातल्या सुमोचं चढवलं होतं, आणि त्याचे ६४,८०० रुपये माझ्याकडूनच घेतले.

गाडी गॅरेजला देताना चासी आणि इंजिन नंबरची पेन्सिलने कागदावर छाप घ्या, त्यावर गॅरेजवाल्याची सही घ्या, परत घेताना ताडून पाहा. कुणी नाक मुरडलं तर गाडी तिथून परत आणा.

आणि आता तक्रार. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" दुसरं वाक्य, "हे सिव्हिल मॅटर आहे." इंजिन बदलणं सिव्हिल? दुसऱ्याची वस्तू विश्वासाने ताब्यात घेऊन लंपास केली तर तो न्यासभंग, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, फसवणुकीचं ३१८. कलमं सांगितली तर साहेब हसले आणि म्हणाले, "तुम्हीच वकिली करा मग." अर्ज घेतला, पोच द्यायला नकार. पोच मिळाली तर शिक्का नाही. शिक्का मिळाला तेव्हा तपास अंमलदार रजेवर. समोरच्याला बोलावलं तर त्याला खुर्ची आणि चहा, मी बाकावर. तो म्हणाला, इंजिन आधीपासूनच बदललेलं होतं. म्हणजे २०२१ च्या पासिंगला जुळलेला नंबर खोटा आणि हा खरा! तेही लिहून घेतलं, गंभीर चेहऱ्याने. आरटीओत पासिंगच्या खिडकीवर तर आणखी कौतुक: इंजिन बदलल्याची नोंद करायची तर बदललेल्या इंजिनाची पावती आणा. पावती कोण देणार, चोर?

पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. माझं २०२६ मध्ये, आणि वीस वर्षांवरच्या चारचाकीला आता शुल्क १०,०००. नंबर जुळत नाही तोवर तेही अडकलं. शिवाय चढवलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर ताब्यात माझ्या सापडणार. हे मी स्वतःच लेखी कळवून ठेवलं आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही पहिल्याच दिवशी कळवा.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन. पण रोखीच्या ९६,२०० चा पुरावा विचारतात, आणि तिथे डायरीचं पान फडफडतं.

जाता जाता, 'विंटेज नंबर काढून देतो, पंधरा हजार द्या' असंही सध्या ऐकू येतं. २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हीए' मालिकेला गाडी पन्नास वर्षांवरची लागते. इस्टेट १९९२ ला आली. २०४२ पर्यंत कुणालाही एक रुपया देऊ नका. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लावायला तो नंबर लागतही नाही.

दुसऱ्या टिंकरने दोन्ही सिल, मागचं दार आणि रंग मिळून १,८५,००० चा अंदाज दिला आहे, इंजिन सोडून. सांगली, मिरज, कुपवाड भागात ज्यांची जुनी सुमो २०२४-२५ मध्ये भंगारात गेली असेल त्यांनी आरसीवरचा इंजिन नंबर शोधून ठेवावा आणि मला कळवावं. माझ्याकडच्या ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहतो.