स्वतःला स्वीकारायच्या अ‍ॅपमध्ये पण मी टॉप करायला गेले

⭐⭐⭐ (पाचपैकी तीन, का ते खाली)

माझं नाव टाकत नाही कारण तक्रार पण करायचीय. तीन महिने वापरलं. शाळेपासून पहिला नंबर सोडला नाही आणि आता प्रमोशनचा मेल वाचून दहा मिनिटांत पुढच्या प्रमोशनचं टेन्शन घेतात अशा लोकांसाठी आहे हे, म्हणजे माझ्यासाठीच.

सुरुवातीला २६ प्रश्न येतात, क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये केलेली टेस्ट आहे ती, आपण स्वतःशी किती मायेने वागतो ते मोजणारी. १ ते ५ मध्ये सरासरी निघते. माझी दोन पॉइंट काहीतरी आली आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय, तर "एवढी कमी? महिन्याभरात चारच्या वर नेते बघ." घ्या! रोग काय आहे ते तिथेच कळायला हवं होतं.

आता तक्रार. यात स्ट्रीक ठेवलाय, म्हणजे सलग किती दिवस वापरलं त्याची मोजणी. स्वतःला माफ करायच्या अ‍ॅपमध्ये स्ट्रीक!! तापाने फणफणलेली असताना रात्री पावणेबाराला उठून मी 'आज स्वतःला विश्रांती द्या' हा व्यायाम केलाय, का तर ४१ दिवसांचा स्ट्रीक तुटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी झोपून गेले तर हिरवं पान करडं झालं आणि खाली मेसेज, परत सुरू करूया का. डिझाइन करणारा पण आपल्यातलाच असणार.

पण एका गोष्टीसाठी ठेवलंय. चूक झाली की स्वतःला जे काय बोलतो ते जसंच्या तसं टाइप करायचं, मग अ‍ॅप म्हणतं वर मैत्रिणीचं नाव घाला आणि पाठवाल का सांगा. प्रेझेंटेशनमध्ये माझा एक आकडा चुकला होता, त्यावर मी जे लिहिलं होतं ते तिला काय, शत्रूला पण पाठवलं नसतं. बराच वेळ नुसती बघत बसले.

मला भीती होती की असं गोड वागायला लागले तर मी आळशी होणार, सगळी धावपळ त्या चाबकावरच तर चाललीय ना. त्यावर अ‍ॅपमध्ये ब्राइन्स आणि चेन या संशोधकांचा २०१२ चा प्रयोग दिलाय, अवघड शब्दांच्या टेस्टमध्ये आपटलेल्यांपैकी ज्यांना स्वतःशी समजुतीने वागा असं सांगितलं होतं त्यांनी पुढच्या टेस्टसाठी उलट जास्त वेळ अभ्यास केला. पटलं नव्हतं खरं सांगायचं तर. पण ते मैत्रिणीच्या नावाचं लिहिल्यावर त्याच संध्याकाळी मी ती चुकलेली फाइल उघडली, एरवी महिनाभर तिचं तोंड बघितलं नसतं. आकडा कुठे घसरला ते वीस मिनिटांत सापडलं, जुन्या शीटमधून कॉपी झाला होता.

एक मोठी उणीव म्हणजे सगळं खापर आपल्याच डोक्यावर. घरच्यांच्या आणि बॉसच्या अपेक्षांचं काय करायचं यावर एक पान नाही, आणि माझा तरी अर्धा त्रास तोच आहे.

घेणार असाल तर आधी स्ट्रीकच्या नोटिफिकेशन बंद करा, सेटिंगमध्ये पार खाली लपवलंय ते. ती २६ प्रश्नांची टेस्ट दर महिन्याला परत द्यायची असते, मी अजून दिलेली नाही, आयकॉनवर लाल ठिपका आहे तसाच आहे.