‘८ एमएम माउझर’ म्हणून गळ्यात मारलेली रायफल

अमेरिकेत जुन्या रायफली ऑनलाइन घेऊन त्यांची काडतुसं घरी भरणाऱ्यांनी हे वाचाच. जाहिरात होती: ‘८ एमएम माउझर, बोअर (बॅरलच्या आतला व्यास) ०.३२३ इंच, स्वतः मोजलेला’. सोबत मायक्रोमीटरचा फोटो. हातात आली ती १८८८ ची जर्मन कमिशन रायफल. बॅरलवरचं पत्र्याचं नळकांडं काढलेलं, शिक्के घासून टाकलेले.

लबाडी फोटोत होती. बॅरलमधून ठोकून काढलेल्या शिशावर बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांचे वळ उमटतात; फोटोतलं शिसं गुळगुळीत होतं. म्हणजे मोजली होती ती कोरी गोळी!

खरं माप घ्यायचं तर आधी रायफल रिकामी आहे ना ते बघा आणि बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढा. बॅरलला तेल लावून बोअरपेक्षा किंचित मोठी मऊ शिशाची गोळी तोंडाकडून लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत न्या. बाहेर पडल्यावर शिशावरचे उंचवटे समोरासमोर धरून मायक्रोमीटरने मोजा. इथे भरलं ०.३१९. जुन्या खाचेत आजची ०.३२३ ची गोळी कोंबली की दाब चढतो, आणि या रायफलची अ‍ॅक्शन (बोल्ट आणि तो अडकतो ती यंत्रणा) नंतरच्या ९८ माउझर रायफलीएवढी दणकट नाही.

चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, मान त्याहून दगाबाज. काडतुसाच्या मानेला फुलायला जागा नसेल तर गोळी सुटत नाही आणि दाब एकदम उसळतो. दारू कमी घातली की भागलं, असं समजू नका. अशी रायफल आधी उडवूच नका. विक्रेत्याने तिच्यातून उडवलेली केस (काडतुसाचं रिकामं कवच) मागवा आणि तिच्या तोंडात नवी ०.३२३ ची गोळी टाका. ती अलगद आत जायला हवी. अडली तर मान घट्ट आहे.

‘फॅक्टरीची काडतुसं आरामात चालतात’ हे वाक्यही ऐकवलं जातं. अमेरिकन मानकात ८ एमएम माउझर काडतुसाच्या दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, ती याच जुन्या बॅरलांच्या धास्तीने. युरोपीय मानकात मात्र ३,९०० बार, म्हणजे जवळपास ५६,५०० पीएसआय. रिसिव्हरवरच्या (बॅरलमागच्या, बोल्ट बसतो त्या भागावरच्या) ‘एस’ शिक्क्यावरही विसंबू नका. त्यावरून चेंबरची दुरुस्ती कळते, खाचांची खोली नाही.

१८९८ पर्यंत बनलेली रायफल अमेरिकेच्या संघीय कायद्याने ‘अँटिक’, म्हणून मध्ये परवानाधारक डीलर लागत नाही. त्यामुळे जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, पैसे कार्डाने भरा, आणि शिशाचं माप घेतल्याशिवाय एकही फैर झाडू नका. उडवलेली रायफल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.