रबरी पाणवळण पट्टी: ओढ्याकाठच्या जंगलरस्त्याला घ्यावी का?

घ्यावी, पण तुरळक ये-जा असलेल्या कच्च्या रस्त्यापुरतीच. साखळीपट्ट्यावर चालणारी यंत्रे किंवा रस्ता खरवडून सपाट करणारा ग्रेडर फिरतो तिथे ती फाटते. अशा रस्त्याला रुंद, उथळ आडवा खोलगा काढलेला बरा.

रचना साधी आहे: कन्व्हेयर बेल्टचा २५-३० सेंमी रुंद पट्टा दोन फळ्यांमध्ये बोल्टने आवळलेला. फळ्या जमिनीत, रबर ८ ते १० सेंमी वर. चाकाखाली रबर झुकते, मग पुन्हा उभे राहते आणि चाकोरीतून धावणारे पाणी कडेला वळवते. घेताना बेल्टची कापलेली कड नक्की पाहा. आत पोलादी तारा असतील तर घेऊ नका, रबर झिजले की त्या टायरमध्ये घुसतात. कापडी थरांचा बेल्ट चांगला.

बसवताना पट्टी रस्त्याच्या काटकोनातल्या आडव्या रेषेपासून साधारण ३० अंश तिरकी हवी, पाणी सोडणारे टोक उताराकडे. तिरकेपणा कमी पडला की पाणी मंदावते, रबरापाशी गाळ साचतो आणि पुढच्या जोरदार सरीला पाणी वरून उडी मारते. वरचे टोक चाकोरीच्या आतच संपले, तर पाणी तिथूनच वळसा घालते. माती थराथराने धुमसा. नुसती लोटलेली माती खचून फळी उघडी पडते.

दोन पट्ट्यांमधले अंतर रस्त्याच्या उतारावर ठरते: ५ टक्क्यांना सुमारे ४० मीटर, १० टक्क्यांना २५, १५ टक्क्यांना १८. भुसभुशीत मातीत याहून जवळ.

सगळ्यात मोलाची पट्टी म्हणजे ओढ्याआधीची शेवटची. ती काठापासून १५ ते ३० मीटर अलीकडे हवी, म्हणजे पाणी झाडोऱ्यात पसरून मुरते आणि गाळ पाचोळ्यात अडकतो. पट्टीचे पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी दगड रचा, नाहीतर घळ पडते. तोंड थेट ओढ्यात काढणे हा तर घातच! रस्ता वाचतो, पण बारीक गाळ गोट्यांमधल्या फटी बुजवतो आणि तिथल्या माशांच्या अंड्यांना प्राणवायू असलेले पाणी मिळत नाही.

बाजूच्या चरातले किंवा झऱ्याचे पाणी ही पट्टी पेलत नाही, त्याला मोरीच लागते. प्रत्येक मोठ्या पावसानंतर रबरामागचा गाळ फावड्याने काढा आणि तोंडापासून दूर, ओढ्याकडे वाहून जाणार नाही अशा सपाट जागी टाका.